काही न उमटणारं बटण

प्रिय भिंगरी,

माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील आणि मग म्हणशील, आजीला कधीपासून लिहिता यायला लागलं? नाही गं बाई. या वयात दात नवे आले, अक्षरं काही आली नाहीत. मी सांगतेय आणि एक माणूस लिहून घेतंय. त्याला बसल्या बसल्याच दम भरलाय, की मी बोलेन तेच लिहायचं, माझी वाक्यं सरळ करायची नाहीत, शोभेचे शब्द घालायचे नाहीत, आणि हिला कुठे वाचता येतंय म्हणून मधलं काही खायचं नाही. हो म्हणालंय. त्यावर विश्वास ठेवण्यावाचून मला इलाज नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला सगळ्या जगावरच विश्वास ठेवावा लागतो, त्याची सवय आहे मला.

फोनवर का नाही बोललीस, असं विचारशील. फोनवर तुझी एक खोड आहे. मी ‘तुझा बाबा’ एवढं म्हटलं रे म्हटलं की तुझ्याकडे दाराची घंटा वाजते, नाहीतर दूध उतू जातं. एकट्या जिवाला किती दूध लागतं गं तुला? पत्राचं तसं नाही. ते रागाने बाजूला टाकलं तरी टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता आपल्याकडे बघतं. म्हणून पत्र.

तर विषय ठोकळ्याचा. मागे तू म्हणालीस, आजी, मला आईचं काही म्हणजे काही नको, कपडे नको, कानातलं नको, फक्त तिचा लॅपटॉप हवा. आणि वर म्हणालीस, बाबांना सांग, त्यात उचकापाचक करू नका, हात लावू नका त्याला. फोन कानाशी धरायला माझा खांदा राजी नसतो, म्हणून तो मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवलेला असतो, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असून बोललीस का विसरून, ते तू जाण. तुझा बाबा मोरीपाशी कप विसळत होता. पाणी वाहत राहिलं, कप विसळायचा थांबला. बाकी काही झालं नाही. तुझ्या आईला निरोप दिल्यापासून तुम्हा दोघांत एकच शब्द गेलाय. तू फोन करतेस, तो उचलतो आणि म्हणतो, ‘देतो.’ की लगेच फोन माझ्यासमोर, आणि तो खोलीबाहेर. एका शब्दावर तगलेलं नातं मी आजवर पाहिलं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी लहान पोरं खेळतात, पण ती संध्याकाळपर्यंत दमतात तरी.

त्या दिवशी मी तुला ‘बरं, सांगते’ एवढंच म्हटलं. खरं म्हणजे ठोकळा तेव्हा आधीच गेलेला होता.

तुझ्या आईने तो आणला तेव्हा तू रांगत होतीस. हे मांडीवर घ्यायचं यंत्र आहे म्हणाली, आणि मांडीवर घेतलं तर उठेपर्यंत मांडी बधिर. म्हणून मी त्याचं नाव ठोकळा ठेवलं आणि तेच राहिलं. काळा होता, पण तिची मनगटं जिथे टेकायची तिथला रंग घासून राखाडी झाला होता. पुढे त्याची बिजागरी सैल पडली, झाकण मागे कलंडायला लागलं, तेव्हा तिने त्याच्या पाठीशी जाडजूड शब्दकोश उभा केला. शब्दकोशाचा एवढाच उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय. सगळे म्हणायचे, नवा घे, आता किती पातळ मिळतात. ती म्हणायची, पातळ घेऊन काय करू, हा माझे शब्द ओळखतो.

तिचं काम तुला माहीत आहे, पण तिच्याविषयी बोलायला मला हल्ली कोणी मिळत नाही, तेव्हा पुन्हा ऐक. यंत्रांबरोबर जी पुस्तिका येते, ती तुझी आई आपल्या भाषेत आणायची. पाण्याचे पंप, शिलाई मशीन, केस वाळवायचं यंत्र, काय वाट्टेल ते. कोणी वाचत नाही अशी पुस्तकं लिहिणारी ती, आणि काहीच वाचता येत नाही अशी मी, आम्हा मायलेकींचं झकास जमायचं. एक पान झालं की ती मधल्या भिंतीवर टकटक करायची. मी माझ्या खोलीतून उठून तिच्या पलंगाच्या कडेवर जाऊन बसायची. ती वाक्य वाचायची, मी ऐकायची. मला कळलं तर ते वाक्य राहायचं, नाही कळलं तर जायचं. एकदा म्हणाली, ‘सदर उपकरण कार्यान्वित करण्यापूर्वी.’ मी म्हटलं, ‘बाई, कोर्टात उभी आहेस का?’ मग त्याचं ‘यंत्र सुरू करण्याआधी’ झालं. आयुष्यभर मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली, मला कोणी काही विचारलं नाही. म्हातारपणी मात्र माझ्या अडाणीपणाला काम मिळालं. आज कितीतरी घरांतले पंप माझ्यामुळे नीट चालतात. हे कुठे छापलेलं नाही, पण आहे.

आणि टकटक होत नसली की मी आपली पडून ठोकळ्याची घरघर ऐकायची. त्याच्या पोटात एक पंखा होता. कमी काम असलं की मांजर झोपल्यासारखा वाजायचा, जास्त झालं की दम लागल्यासारखा. त्यावर तिच्या बोटांचा आवाज. ती अडली की बोटं थांबायची, सापडला शब्द की सुटायची. तिचं काम कसं चाललंय ते मला पलीकडून कळायचं. झोप लागायची त्या आवाजावर. मूल पाळण्यात आणि आई त्याला जोजवतेय असं असतं ना, तसं, फक्त माणसं उलटी.

शेवटी शेवटी तिच्यात बसायचं बळ नव्हतं, तरी ती टेबलाशी जायची. एक दिवस दुपारी उठून पलंगावर आडवी झाली ती पुन्हा टेबलाशी गेली नाही. ठोकळा तसाच उघडा, चालू. पडद्यावर अर्धं वाक्य. ते मला ठाऊक आहे, कारण नंतर तुझ्या बाबाने वाचून दाखवलं: ‘टाकी अर्ध्यापर्यंत भरा आणि’. बस, एवढंच. कसली टाकी, भरून पुढे काय करायचं, कोणास ठाऊक. तिने मला बोलावून ते वाचलं नाही, नाहीतर मी सांगितलं असतं, इथपर्यंत कळलं.

ती गेली. तू आलीस, तुझं ते सगळं झालं, तू गेलीस. घर आवरताना तुझ्या बाबाने तिची औषधं फेकली, चादरी बदलल्या, चष्मा फडक्यात गुंडाळून ठेवला. ठोकळ्याला मात्र त्याने हात लावला नाही. झाकण मिटलं नाही, वायर काढली नाही, बंद केला नाही. उठून पाणी प्यायला गेलेलं माणूस परत येऊन बसेल, तसा तो राहिला. पण ते यंत्र आगाऊ असतं. काही वेळ कोणी छेडलं नाही की पडदा आपणहून काळा करतं. म्हणून तुझा बाबा येता-जाता त्याचं एक बटण दाबायचा. मी विचारलं, ‘त्या वाक्यात काही भलतं घुसलं तर?’ तर म्हणाला, ‘आई, एक बटण असं असतं की नुसतं दाबलं तर काहीच उमटत नाही. फक्त त्याला कळतं, कोणीतरी आहे.’ कामावर जाताना दाबायचा, आल्यावर बूट न काढता आधी दाबायचा, जेवण झालं की दाबायचा. लोक फोटोला फूल वाहतात, हा बटण दाबतो. मला भिंतीपलीकडून घरघर ऐकू येत होती, माझी झोप नीट लागत होती. मी कशाला बोलते.

उन्हाळा असा गेला. मग एका दुपारी मी पडल्या पडल्या ऐकलं की ऐकू येत नाहीये. भिंत होती, मी होते, मध्ये काही नव्हतं. मी उठून बघायला गेले नाही. कशाला जायचं, कळलं होतं. तुझा बाबा आला तो दारातच थांबला. त्यालाही बघावं लागलं नाही. मग आत गेला, ते काही न उमटणारं बटण दाबलं. मग शेजारचं. मग सगळी.

आता तू हसशील, पण आम्ही दोघांनी तुझ्या आईच्या पुस्तकाप्रमाणे सुरुवात केली. ‘यंत्र सुरू न झाल्यास’ हे पान मला तोंडपाठ आहे, प्रत्येक यंत्राला ते सारखंच असतं. मी खुर्चीत बसून सांगत होते, तो करत होता. प्रथम प्लग नीट बसला आहे का पाहा. पाहिला. त्याच जागी दुसरं उपकरण लावून पाहा. दिवा लावला, दिवा लागला. यंत्र तापले असल्यास पूर्ण थंड होऊ द्या. पंखा लावून दोघं त्याच्यासमोर बसलो, आजाऱ्यापाशी बसतात तसे. बटण दाबून धरा, मोजत राहा. धरलं. काहीही सुरू होईना. मग मी शेवटचं वाक्य म्हटलं, ‘तरीही सुरू न झाल्यास स्वतः उघडू नका, जवळच्या दुरुस्ती केंद्राशी संपर्क साधा.’ आणि म्हणता म्हणता माझा आवाज गेला, कारण ते वाक्य मी कितीदा ऐकलं होतं, पण नेहमी तिच्याच आवाजात. तुझा बाबा म्हणाला, ‘असू दे आई, उद्या नेतो.’

दुरुस्तीच्या दुकानात एक बाई बसते, केस आखूड, जीभ त्याहून आखूड. ठोकळा बघून म्हणाली, याला माझ्याकडे नाही, संग्रहालयात न्या. मग तिला दया आली असावी, तिने खालची दोन झाकणं काढली. बॅटरी फुगून पावासारखी झालेली. आत धूळ इतकी, की पंखा नुसताच घरघरत होता, वारा आत जातच नव्हता, आणि तरी यंत्र चालतच राहिलं, आतल्या आत तापत, शेवटी जळलं. ती म्हणाली, ‘हा कोणी बंदच केला नाही का कधी? यंत्रालाही जरा निजू द्यावं लागतं हो.’ तुझा बाबा घरी आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘आई, मीच मारला त्याला.’ मी म्हटलं, ‘तुम्ही उशाशी बसून राहिलात. माणूस याहून काय करतो?’ पण त्याच्या डोक्यात ते यंत्राविषयी राहिलंच नव्हतं, हे मला दिसत होतं.

त्यानंतर आठवडाभराने तुझा तो फोन आला, लॅपटॉप हवा म्हणून. हात लावू नका म्हणून. फोन ठेवल्यावर तो एवढंच म्हणाला, ‘तिला वाटेल मी आतलं पुसलं आणि मोडला असं सांगतोय.’ मी म्हटलं, वाटेलच, तुमची दोघांची कीर्तीच तशी झालीये. तेव्हा तो उठला आणि पुन्हा त्या आखूड केसांच्या बाईकडे गेला. ती म्हणाली, याचे भाग आता मिळत नाहीत, याच जातीचा दुसरा मेलेला शोधा, दोघांतून एखादा उठला तर उठला. किती ठिकाणी फिरला कोण जाणे. शेवटी एका शाळेच्या अडगळीत सापडला, झाकणावर पोरांनी चिकटवलेले ससे आणि गाड्या. तो घेऊन आला तेव्हा मला वाटलं, याचं डोकं फिरलं. घरात एक मढं होतं, आता दोन झाली.

त्याने ते दोन्ही उचलले आणि आपल्या कामाच्या टेबलावर नेले. तुझा बाप आयुष्यभर लोकांना दात करून देत आला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, याने दात करून भरलं, तुझंही भरलं. माझ्या तोंडात जे आहे तेही त्याचंच, त्यामुळे त्याच्याविरुद्ध मी बोलले तरी त्याच्याच दातांनी बोलते. तर त्या टेबलावर, त्या दिव्याखाली, डोळ्याला ते भिंग लावून त्याने ठोकळा उघडला. मीही जाऊन बसायची, स्टुलावर, कामात लुडबूड करायला. निघालेले स्क्रू तो दातांच्या नमुन्यांच्या पेटीत ठेवायचा, मोठे दाढेच्या घरात, बारीक पुढच्या दातांच्या घरात, म्हणजे परत कुठला कुठे जायचा ते चुकायला नको. दाताला रंग द्यायच्या कुंचल्याने धूळ काढायचा. इतक्या हळू, की मी म्हटलं, ‘जावईबापू, तो शुद्धीवर नाहीये, त्याला दुखणार नाही.’

पंखा काढला तेव्हा तो थांबला. कुंचला खाली ठेवला आणि चिमटा घेतला. कितीतरी वेळ काहीतरी सोडवत बसला. मग भिंग काढून माझ्याकडे वळला आणि माझा हात उघडून त्यावर काहीतरी ठेवलं. मला दिसेना, बोटांना कळलं. केस होते, लांब, पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेले. तिचे. तुला ते माहीत नाही, तू आलीस तेव्हा तिच्या डोक्याला रुमाल होता. औषधांनी तिचे सगळे केस गेले होते, उशीवर एक राहिला नव्हता, कंगवाही तिने स्वतःच फेकून दिला होता. हे आधीचे. बरी असताना वाकून काम करायची, तेव्हा गळून आत गेलेले. ठोकळ्याने राखून ठेवले. तुझा बाबा आणि मी, आम्ही दोघं कधी एकमेकांसमोर रडलो नव्हतो, तेवढं एक पथ्य पाळत आलो होतो. त्या दिवशी ते मोडलं. मग त्याने भिंग स्वच्छ पुसलं आणि पुन्हा कामाला लागला.

ठोकळा उठला, भिंगरी. तिचं सगळं काम ज्यात साठतं ती पातळ डबी तिचीच ठेवलीये. बाकी आतलं बरंचसं शाळेतल्या त्या पाहुण्याचं आहे. बॅटरी काढून टाकली, त्यामुळे तो आता भिंतीला बांधलेला, वायर लावली तरच जागा होतो. ज्या दिवशी उठला त्या दिवशी त्याने तो तिच्या टेबलावर नेऊन लावला आणि मला म्हणाला, आई, तुम्ही तुमच्या खोलीत जाऊन पडा. मी पडले. भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. पण ती नव्हती ती. पंखा शाळेतला, त्याचा सूर वेगळा, जरा पोरकट. मी भिंतीवर टकटक केली, म्हणजे त्याला कळावं ऐकू आलं म्हणून. आवाज तोच आहे का, असं त्याने विचारलं, तर मी हो म्हटलं. आता हे इथे लिहिलं जातंय तर त्यालाही कळेलच.

पडद्यावर खुणेचा शब्द मागतात म्हणे. तो शब्द या घरात सगळ्यांना माहीत आहे, तुझी आई तो टाइप करताना मोठ्याने म्हणायची. तुझ्या बाबाने तो टाकला नाही. ‘ती म्हणालीये हात लावू नका,’ म्हणाला, आणि झाकण मिटलं. तिच्या टेबलावर ते झाकण एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मिटलं. आतल्या कशाकशाला हात लावला आणि कशाला नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. ते अर्धं वाक्य मात्र गेलं. ते साठवलेलं नव्हतं, ते फक्त जागं होतं. तेवढं एक तुला मिळणार नाही, म्हणून मी वर सांगून ठेवलं.

तर तुझी वस्तू तयार आहे. यंत्राविषयी सांगायचं ते संपलं. आता माणसांविषयी सांगते, आणि आता दूध उतू गेलं तरी जाऊ दे.

परत निघालीस त्या दिवशी दारात तू त्याला म्हणालीस, ‘मी सरळ विचारलं होतं, बाबा. आईला काय झालंय असं सरळ विचारलं होतं, आणि तुम्ही थकवा म्हणालात.’ म्हणाला होताच. मीही फोनवर तेच म्हणत होते. पण म्हातारीवर कोण रागावतं, माझ्या वाटणीचा रागही त्यालाच मिळाला. मी तोंड उघडणार होते. त्याने माझ्याकडे बघून एवढीशी मान हलवली, नाही म्हणून. मी गप्प बसले. पण मान हलवणं म्हणजे काही शपथ नव्हे, आणि मी हो म्हटलं नव्हतं. तर ऐक. कळवायचं नाही हे तुझ्या आईचं होतं. त्याचं नव्हतं. ज्याचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी चढलेला ऐकला नाही, तो त्या खोलीत तिच्याशी भांडायचा, भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू यायचा. तिला बोलाव, नाहीतर मी बोलावतो, म्हणायचा. ती म्हणायची, पुढच्या आठवड्यात. आणि तिने त्याला स्वतःची शपथ घातली. मरणाऱ्या बाईने स्वतःची शपथ घातली तर माणसाने करायचं काय? मी तिला एकदा विचारलं, का गं असं? तर म्हणाली, ‘ती आली की माझ्याशी मरणाचं बोलेल. मला तिच्याशी रोजचं बोलायचंय. जेवलीस का, बस चुकली का, एवढंच, शेवटपर्यंत.’ तिला ते मिळालं. तुझ्याकडून घेऊन मिळालं. माझी पोर होती तरी सांगते, ती लबाडी होती. प्रेमाची होती, पण लबाडीच.

तू गेल्यावर मी त्याला म्हटलं, तुम्ही तिला खरं का नाही सांगत? तो भांडी पुसत होता. म्हणाला, ‘माझ्यावर राग धरून तिला आईसाठी रडता येतंय, आई. तो राग आईवर गेला तर ती रडेल कोणासाठी?’ आणि ताट जागेवर ठेवलं.

इथे लिहिणारा थांबलाय. मला वाचता येत नाही, पण बटणं ऐकू येतात, आणि ती केव्हाची बंद आहेत. थांबणारच. कारण लिहिणारा तोच आहे. त्याच्या कामाच्या जागी बसलोय, तिथल्या कॉम्प्युटरवर लिहितोय, म्हणजे पाकिटावर त्याचं अक्षर बघून तू ते न फोडता ठेवून द्यायला नको. एवढा वेळ मी ‘तो’ ‘तो’ करत आले, तोंडावर कधी करत नाही, ते त्याने मुकाट लिहिलं. केसांचं लिहिलं. हे मात्र नको म्हणतोय. ‘आई, एवढं राहू दे.’ मी म्हटलं, ‘जावईबापू, तिच्या आईचं ऐकलंत, आता तिच्या आईच्या आईचं ऐका.’ आता पुन्हा आवाज येतोय. पण बोटं काय लिहितायत ते मला कुठे कळतंय? वाचून दाखवा म्हटलं तर तो न लिहिलेलंही वाचून दाखवेल, एवढं तर मी त्याला ओळखते. लिहिलं का गाळलं, ते तुलाच कळेल.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला बसवलं ते. मला बरं नाही, भिंगरी. थकवा नाही. हृदय झिजलंय, पायांवर सूज आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच सांगितलं की पुढचा उन्हाळा मी बघेनच असं त्या म्हणणार नाहीत. दवाखान्याच्या जिन्यावर तुझा बाबा कठडा धरून उभा राहिला आणि म्हणाला, ‘या वेळी मी तिला कळवणार. तुम्ही शपथ घातलीत तरी.’ मी म्हटलं, शपथ कोण घालतंय, मीच कळवते, तुम्ही लिहा. तर हे कळवलं. ये, असं मी म्हणत नाही. येऊ नकोस, असंही म्हणत नाही. यावंसं वाटलं तर यायचं, रडायचं असलं तर रडायचं, रोजचं बोलायचं असलं तर मी रोजचं बोलेन, ते तू ठरवायचं. मागच्या वेळी तुला ते ठरवू दिलं नाही कोणी. आणि यायचं नसेल, तरी एक ध्यानात ठेव. तू फोन करतेस आणि तो ‘देतो’ म्हणतो, ते द्यायला मी आहे म्हणून. मी नसले की तो फोन उचलेल आणि त्याच्याकडे तेवढाही शब्द उरणार नाही. तेव्हा बोलायची पाळी तुझी असेल. आत्तापासून शोधून ठेव काहीतरी. मोठं नको. जेवलात का, एवढं पुरे.

तुझीच, अजून तरी बसलेली,
आजी

आजीने सांगितलं तसं सगळं लिहिलं आहे. काही गाळलेलं नाही.
बाबा